तीन महिन्यांची शाळा : ग्रिफिथ जोन्स आणि वेल्समधल्या फिरत्या शाळांचं प्रकरण

लानदाउरोर हे वेल्सच्या नैर्ऋत्य भागातलं, कार्मार्थनशायरमधलं छोटंसं खेडं. १७१६ पासून ग्रिफिथ जोन्स तिथे रेक्टर, म्हणजे पॅरिशचे (एका चर्चच्या हद्दीतल्या भागाचे) मुख्य पाळक होते. महिन्यातून एकदा प्रभुभोजनाची, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ पाव आणि द्राक्षारस घेण्याची, उपासना होई. आदल्या शनिवारी ते लोकांना चर्चमध्ये बोलावत, पवित्र शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, अध्याय वाचत आणि त्यावर प्रश्न विचारत. पण ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, तीच माणसं येईनात. वाचता न येणारी मोठी माणसं चारचौघांत शोभा नको म्हणून फिरकतच नव्हती.

मग त्यांनी एक साधी गोष्ट केली. प्रभुभोजनाच्या वेळी जमलेल्या अर्पणाच्या पैशांतून पाव विकत घेतले आणि ते गोरगरिबांना वाटायचा दिवस ठरवून दिला. पाव घ्यायला आलेली माणसं ओळीत उभी राहत. पाळक प्रत्येकाशी बोलत आणि अगदी सोपे, उत्तर देणाऱ्याला लाज वाटणार नाही असे दोनचार प्रश्न विचारत. पुढच्या खेपेला आणखी दोनचार. हळूहळू लोक उत्तरं ठरवून येऊ लागले, शास्त्रातली वचनं पाठ करून येऊ लागले. आणि एवढं झाल्यावर जोन्सना लख्ख दिसलं, की तोंडी शिकवण्याला मर्यादा आहे. यांना वाचता आलं पाहिजे.

हे प्रकरण मला मोलाचं वाटतं ते या रांगेपासूनच. कायमचा दम्याचा त्रास असलेला, मनाने उदासीकडे झुकणारा एक खेडेगावचा पाळक. सरकारी मदत नाही, शाळेची इमारत नाही, पगारी अधिकारी नाहीत. तरी १७६१ मध्ये ते वारले तेव्हा वेल्समध्ये सुमारे सोळाशे ठिकाणी मिळून तीन हजार तीनशेहून अधिक वेळा शाळा भरली होती आणि हजेरीपटावर दीड लाखाहून अधिक नावं चढली होती. त्या काळी सगळ्या वेल्सची लोकसंख्या चार ते पाच लाखांच्या घरात होती. हे कसं घडलं, आणि पुढे वीस वर्षांच्या आत ते सगळं बंद कसं पडलं, हे दोन्ही प्रश्न एकत्रच पाहायला हवेत. माझ्या मते दोन्हींची उत्तरं एकाच जागी आहेत : जोन्सनी शाळा या गोष्टीतून काय काय वगळलं त्यात.

मेंढपाळ ते पाळक

जन्म १६८४ चा, कार्मार्थनशायरमधल्याच पेनबॉयर पॅरिशमधला. लहानपणी मेंढ्या राखल्या, लाकडाच्या कातकामाचं कसब शिकले. मेंढ्या राखताना देवाने आपल्याला बोलावलं, असं ते पुढे सांगत. गावच्या शाळेनंतर कार्मार्थनच्या ग्रामर स्कूलमध्ये शिकले. विद्यापीठाचं तोंड पाहिलं नाही. धर्मगुरूपदासाठी त्यांचा अर्ज सहजासहजी मान्य झाला नाही, पण अखेर १७०८ मध्ये बिशप जॉर्ज बुल यांनी त्यांना दीक्षा दिली. पुढच्या वर्षी ते लार्न या खाडीकाठच्या गावात दुय्यम पाळक झाले आणि तिथल्या धर्मादाय शाळेत मास्तरही.

ही शाळा एस.पी.सी.के. या लंडनच्या संस्थेच्या प्रेरणेने चालणारी. ख्रिस्ती ज्ञानाच्या प्रसारासाठी १६९९ मध्ये निघालेल्या या संस्थेने वेल्समध्ये पुढच्या चाळीस वर्षांत शंभराच्या आसपास शाळा उभ्या केल्या. हेतू चांगला, पैसा खरा, माणसं प्रामाणिक. पण बहुतेक शाळांमध्ये शिकवणं इंग्रजीतून होतं आणि घरी पोरांना इंग्रजीचा एक शब्द ऐकू येत नव्हता. मूल दोनतीन वर्षं अक्षरं गिरवून, शब्द घोकून, काही न समजता घरी परतत असे. तेही शेतावर हात हवे झाले की मधेच. जोन्स या शाळेत उभे राहून शिकवत होते. हा अनुभव त्यांनी बाहेरून पाहिलेला नव्हता.

इथे एक वळण असं येतं की आपण थबकतो. १७१३ मध्ये ते हिंदुस्थानात यायला निघाले होते. तमिळ किनाऱ्यावर तरंगंबाडीला डेन्मार्कच्या राजाने पाठवलेलं मिशन होतं. बार्थोलोमेउस झिगेनबाल्ग तिथे १७०६ पासून तमिळ शिकून, तमिळमधून शाळा चालवून, बायबलच्या दुसऱ्या भागाचं, नव्या कराराचं, तमिळ भाषांतर करत होता. एस.पी.सी.के. त्या मिशनला मदत करत असे आणि तिला तिथे पाठवायला माणूस हवा होता. जोन्सनी तयारी दाखवली, मग विचार बदलला. स्वतःच्या देशातल्या लोकांची आध्यात्मिक दैना पाहता आपलं काम इथेच आहे, असं त्यांनी ठरवलं. परक्या देशातल्या मिशनऱ्यांना जी गोष्ट पहिल्याच वर्षी कळते, की लोकांच्या भाषेवाचून एक पाऊलही पुढे पडत नाही, ती वेल्समध्ये मात्र शंभर शाळा काढूनही कुणी मनावर घेत नव्हतं. पुढच्या अठरा वर्षांत जोन्स त्याच जागी पोचले.

प्रवचनकार म्हणून त्यांचं नाव लवकरच गाजलं. लोक मैलोन्‌मैल चालत येत, चर्चमध्ये मावत नसत, मग उघड्यावर प्रवचन होई. स्वतःची पॅरिश सोडून आठवड्याच्या मधल्या वारी दुसऱ्यांच्या पॅरिशमध्ये हे चाललेलं शेजारच्या पाळकांना खपलं नाही. तक्रारी गेल्या आणि १७१४ मध्ये बिशप अ‍ॅडम ऑटली यांच्यापुढे त्यांना जाब द्यावा लागला. त्यातून ते निभावले, आणि त्यांच्या पाठीशी उभे राहिलेल्या पिक्टन कासलच्या सर जॉन फिलिप्स यांनी त्यांना लानदाउरोरची जागा दिली. सर जॉन एस.पी.सी.के.चे मोठे आधारस्तंभ होते. १७२० मध्ये त्यांच्या बहिणीशी, मार्गारेटशी, जोन्सचं लग्न झालं. लहानपणी मेंढ्या राखणारा मुलगा बड्या घरचा जावई झाला. त्या घराण्याच्या ओळखीपाळखी पुढे शाळांच्या कामी आल्या.

१७२७ ते १७३१ ही वर्षं वेल्सला वाईट गेली. टायफसच्या तापाने गावंच्या गावं खंगली. पाळकाला घरोघर जावं लागतं, मरणाऱ्याच्या उशाशी बसावं लागतं. जोन्सच्या श्रद्धेप्रमाणे तारणाचं, म्हणजे आत्म्याच्या उद्धाराचं, ज्ञान न होता मेलेला माणूस कायमचा हरवला. ही धास्ती आजच्या वाचकाला परकी वाटेल, पण ती बाजूला ठेवली तर या माणसाची घाई समजत नाही. त्यांना पाच वर्षांत शिकवणारी शाळा नको होती. माणसं तेवढी थांबत नव्हती. सप्टेंबर १७३१ मध्ये त्यांनी एस.पी.सी.के.ला पत्र लिहिलं : लानदाउरोरला वेल्श शाळा काढायची आहे.

अक्षर आणि उच्चार

वेल्श भाषेत शाळेला ‘अस्गोल’ म्हणतात. शिडीलाही तोच शब्द. वेल्शचं लेखन रोमन लिपीत असलं तरी इंग्रजीसारखं लहरी नाही. एका अक्षराचा किंवा अक्षरजोडीचा उच्चार बहुतेक ठरलेला, त्यामुळे अक्षरं कळली की शब्द वाचता येतो, आणि वाचला की कळतो, कारण तो शब्द रोजच्या तोंडातला असतो. पावाला ‘बारा’ म्हणतात. ब, आ, र, आ, झाला शब्द. बाराखडीवर वाढलेल्या आपल्याला यात नवल वाटणार नाही. आता इंग्रजीत ओ, यू, जी, एच ही चार अक्षरं शेवटी आली तर ‘थ्रू’ मध्ये ऊ, ‘दो’ मध्ये ओ आणि ‘टफ’ मध्ये अफ. ज्याने यांतला एकही शब्द कधी ऐकलेला नाही अशा मेंढपाळाच्या पोरापुढे हे ठेवा, म्हणजे आधीच्या शाळा का फसल्या ते कळेल.

पुस्तक तर केव्हाच तयार होतं. लान्‌रायाडर गावचे पाळक विल्यम मॉर्गन यांनी संपूर्ण बायबल वेल्शमध्ये आणलं ते १५८८ मध्ये. दर रविवारी चर्चमध्ये ते मोठ्याने वाचलं जाई, त्यामुळे त्याची भाषा लोकांच्या कानावर होती. कान तयार, पुस्तक तयार. मध्ये दीडशे वर्षं अंतर राहिलं ते वाचनाचं, आणि ते भरायला आलेल्यांनी इंग्रजीचा डोंगर मध्ये आणून ठेवला. जोन्सनी तो डोंगर काढून टाकला. आपण वेल्श भाषा वाचवतो आहोत असं त्यांच्या मनात नव्हतं. त्यांचा मुद्दा वेळेचा होता : इंग्रजीतून जे शिकायला वर्षं लागतात ते वेल्शमधून काही आठवड्यांत येतं. भाषा वाचली ती या हिशेबामुळे, आणि पुढच्या शतकात वेल्शमध्ये जी वर्तमानपत्रं, मासिकं, स्तोत्रं आली त्यांना वाचक मिळाला तो इथून.

शाळा कशी चाले

मास्तर गावात येई आणि सुमारे तीन महिने राही. सप्टेंबर ते मे या काळात, जेव्हा शेतीची कामं थंड असतात. जागा चर्चची, नाहीतर कुणाच्या शेतघराची, गोठ्याची, झोपडीची. दिवसा मुलं आणि ज्यांना सवड आहे ती माणसं. रात्री नोकरगडी, मजूर, बाया. फी नाही. वाचन, बायबल आणि श्रद्धेची मूळ तत्त्वं शिकवणारी चर्चची प्रश्नोत्तरी, बस. तीन महिन्यांनी मास्तर पुढच्या गावाला. गरज पडली आणि मागणी आली तर त्याच गावात शाळा पुन्हा भरे.

मागणी हा इथला कळीचा शब्द. स्थानिक पाळकाने बोलावल्याशिवाय शाळा जात नसे. १७१४ च्या तक्रारींतून जोन्स हे शिकले असावेत असं मला वाटतं. दुसऱ्याच्या पॅरिशमध्ये न विचारता जाण्याची किंमत त्यांनी मोजली होती.

मास्तर म्हणून साधी माणसं घेतली : शेतकरी, कारागीर. लानदाउरोरला त्यांना तयार करण्याची सोय होती, लोक तिला ‘जुनं कॉलेज’ म्हणत. पगार वर्षाला तीनचार पौंड, म्हणजे फार थोडा. मास्तर चर्चच्या प्रभुभोजनात सहभागी होणारा असला पाहिजे आणि त्याने हजेरीपट ठेवला पाहिजे अशी अट होती.

शिकायला कोण येत होतं हे वाचताना मन भरून येतं. अनेक शाळांत दोन तृतीयांश विद्यार्थी मोठी माणसं होती. साठीसत्तरीचे म्हातारे चष्मा लावून नातवंडांच्या शेजारी बाकावर बसत. आपल्या तरुणपणी ही शाळा असती तर, म्हणून रडत. दिवसभर राबलेला गडी संध्याकाळी आगीच्या उजेडात अक्षर लावतो आहे, आणि ज्या वचनाचा आवाज तो जन्मभर चर्चमध्ये ऐकत आला ते वचन त्याच्याच बोटाखाली उमटतं आहे. हे तीन महिन्यांत होत होतं.

लेखन आणि गणित मात्र शिकवलं जात नव्हतं. यामागे वेळेची काटकसर होती आणि दात्यांची मनधरणीही. गरीब शिकले तर नांगर कोण धरणार, ही भीती इंग्लंडातल्या श्रीमंतांना होती. या शाळांचा उद्देश सभ्य गृहस्थ घडवण्याचा नाही, ख्रिस्ती माणसं घडवण्याचा आहे, असं जोन्सनी त्यांना स्पष्ट कळवलं होतं. मला हे खटकतं. वाचता आलं पण सही करता आली नाही, अशी पिढी यातून निघाली. तीन महिन्यांत सगळं मावलं नसतं हे मान्य केलं तरी, जे वगळलं ते कुणाच्या सोयीचं होतं, हे नोंदवून ठेवायला हवं.

पैसा, पत्रं, पुस्तकं

१७३७ मध्ये ३७ शाळा आणि सुमारे २,४०० विद्यार्थी होते. एवढ्याला लानदाउरोरचं अर्पण पुरणार नव्हतं. इथे ब्रिजेट बेवन यांचा हात लागला. लार्नच्या मॅडम बेवन, पतीमुळे आणि माहेरामुळे बड्या वर्तुळात वावरणाऱ्या, स्वतः श्रीमंत. त्यांच्यावर जोन्सच्या प्रवचनांचा खोल परिणाम झाला होता. त्यांनी स्वतःचा पैसा दिला आणि इंग्लंडातल्या धनिकांची दारं उघडून दिली.

दात्यांसाठी जोन्स दरवर्षी ‘द वेल्श पायटी’ नावाचा अहवाल इंग्रजीत छापत. त्यात शाळांची यादी, विद्यार्थ्यांचे आकडे, स्थानिक पाळकांची पत्रं. आमच्याकडे शाळा आल्यापासून लोक चर्चला येऊ लागले, घरोघर वाचन सुरू झालं, अशा साक्षी. हे अहवाल चिकाटीने, मुद्देसूद लिहिलेले आहेत. आकड्यांबद्दल एक सावधगिरी : एकच माणूस दोनदा शाळेत बसला तर त्याचं नाव दोनदा चढे, आणि रात्रीचे पुष्कळ विद्यार्थी नोंदीत येतच नसत. आकडा दोन्ही बाजूंनी सैल आहे.

वेल्शमध्ये लिहिलेली त्यांची पुस्तकं निराळी. प्रार्थनेवर, प्रश्नोत्तरीच्या विवरणावर, नुकतंच वाचायला लागलेल्याच्या हाती देता येतील अशी. स्वतःची शैली मिरवण्याची हौस त्यांत दिसत नाही. १७४९ मध्ये त्यांनी रीस प्रिचर्ड यांच्या पद्यांची निवड छापली. लँडव्हरीच्या या पाळकाने शंभर वर्षांपूर्वी अक्षरशून्य लोकांना पाठ करता येतील अशी सोपी धार्मिक पद्यं रचली होती. आता त्याच लोकांच्या नातवंडांना ती वाचता येणार होती. बायबलंही हवीच होती. नव्या वाचकांची मागणी एवढी वाढली, की एस.पी.सी.के.ने रिचर्ड मॉरिस यांच्याकडून संपादन करून घेऊन १७४६ आणि १७५२ मध्ये वेल्श बायबलच्या आवृत्त्या काढल्या.

विरोध

याच काळात वेल्समध्ये मेथडिस्ट चळवळ, म्हणजे चर्चच्या आतूनच उठलेली आवेशी धर्मजागृती, उसळली. तिचा एक मोठा नेता डॅनियल रोलंड १७३५ मध्ये लानदेवी ब्रेवी इथे जोन्सचंच प्रवचन ऐकून बदलला होता. जोन्सना या तरुणांचा जोश भावत होता, पण त्यांचं बेशिस्त वागणं पटत नव्हतं, आणि शाळांना त्यांचा शिक्का बसणं तर परवडणारं नव्हतंच. तो शिक्का बसलाच. जवळच्याच एग्लुइस गमिन पॅरिशचे रेक्टर जॉन इव्हान्स यांनी १७५२ मध्ये पुस्तिका छापून आरोप केला, की या शाळा म्हणजे मेथडिस्टांची पेरणी आहे. आरोपात तथ्य होतं. पुष्कळ मास्तर त्या विचारांचे होते, कारण तीनचार पौंडांत कडाक्याच्या थंडीत गावोगाव फिरायला दुसरं कोण तयार होणार? जोन्स दोन्ही बाजूंना दुरावले, पण शाळा थांबल्या नाहीत. जो पाळक बोलावील त्याच्याकडे मास्तर जात राहिला. १७६४ मध्ये रशियाच्या कॅथरिन सम्राज्ञीनेही या शाळांची माहिती मागवून घेतली. पण तोवर जोन्स हयात नव्हते.

त्यांच्यानंतर

१७५५ मध्ये पत्नी वारल्यावर ते लार्नला मॅडम बेवन यांच्या घरी राहायला गेले. ८ एप्रिल १७६१ रोजी तिथेच त्यांचा मृत्यू झाला. लानदाउरोरच्या चर्चमध्ये त्यांना पुरलं. शाळांसाठीचे सात हजारांहून अधिक पौंड त्यांनी बेवन यांच्या हवाली केले होते. त्या वेळी साठी ओलांडलेल्या या बाईंनी पुढची अठरा वर्षं शाळा चालवल्या, वाढवल्या. जोन्सच्या आणि त्यांच्या काळातल्या मिळून सहा हजारांहून अधिक शाळा आणि तीन लाखांहून अधिक विद्यार्थी अशी नोंद आहे.

१७७९ मध्ये त्या वारल्या. मृत्युपत्रात दहा हजार पौंड शाळांसाठी ठेवले होते, पण ज्यांना विश्वस्त नेमलं होतं त्यांनीच मृत्युपत्राला हरकत घेतली. प्रकरण चॅन्सरी कोर्टात, म्हणजे विश्वस्तनिधी आणि मृत्युपत्रांचे दावे चालवणाऱ्या कोर्टात, गेलं आणि पैसा गोठला. मास्तरांचे पगार थांबले, शाळा बंद पडल्या.

इतकी मोठी यंत्रणा एका मृत्युपत्रासरशी कोसळली, कारण ती यंत्रणा नव्हतीच. जोन्सनी इमारत वगळली, तेव्हा गावात शाळेची म्हणून जागा उरली नाही. कायमचा मास्तर वगळला, तेव्हा मास्तर गावाचा झाला नाही. समिती, स्थानिक वर्गणी, गावकऱ्यांचा कारभार यांपैकी काही उभं केलं नाही. पैसा लंडन आणि बाथच्या श्रीमंतांकडून यायचा, दोन माणसांच्या हातून जायचा. ज्या हलकेपणामुळे शाळा डोंगरातल्या शेवटच्या वाडीपर्यंत पोचली, त्याच हलकेपणामुळे तिला रोवून राहता आलं नाही. मला वाटतं, पहिल्या दहा वर्षांत हे क्षम्य होतं. तिसाव्या वर्षी, हातात सात हजार पौंड आणि शेकडो पाळकांचा पत्रव्यवहार असताना, एक विश्वस्त मंडळ नेमणं त्यांना जमायला हवं होतं. तब्येत, वय आणि स्वतःवरच विसंबण्याचा स्वभाव आड आले.

वाचायला शिकलेली माणसं मात्र कोर्टात अडकली नव्हती. थॉमस चार्ल्स हा त्याच भागात १७५५ मध्ये जन्मलेला मुलगा. शिकला लानदाउरोरलाच. जोन्स गेले तेव्हा तो पाच-सहा वर्षांचा होता, पण रीस ह्यू नावाचे जोन्सचे एक म्हातारे शिष्य तिथे होते आणि त्यांच्याशी या मुलाचा स्नेह जुळला. पुढे उत्तर वेल्समधल्या बाला गावी चार्ल्स पाळक म्हणून स्थिरावले, आणि १७८५ च्या सुमारास, बेवन यांचा पैसा कोर्टात पडून असताना, त्यांनी फिरती शाळा पुन्हा सुरू केली. आधी स्वतःच मास्तर. १७८६ मध्ये सात मास्तर, १७९४ मध्ये वीस. याला त्यांनी रविवारच्या शाळेची जोड दिली. ती गावकरी स्वतः चालवत, दर आठवड्याला, फुकट, लहानथोर एकत्र. जोन्सच्या शाळेत जो सांधा निसटला होता तो इथे बसला.

या शाळांमध्ये शिकलेली मेरी जोन्स नावाची पंधरा वर्षांची विणकराची मुलगी १८०० मध्ये स्वतःचं बायबल विकत घ्यायला साठवलेले पैसे घेऊन सुमारे पंचवीस मैल चालत बालाला चार्ल्सकडे गेली. वेल्श बायबलं किती अपुरी पडतात हे गाऱ्हाणं चार्ल्सनी लंडनला नेलं आणि त्यातून १८०४ मध्ये ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटी निघाली. तिची शाखा १८१३ मध्ये मुंबईत आली आणि मराठी बायबलच्या छपाईला पुढे या सोसायटीचं बळ मिळालं.

चॅन्सरीतला खटला एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मिटला. दहा हजारांचे व्याजासह तीस हजारांहून अधिक पौंड झाले होते.